आठ मीटरवरचा माणूस

भाट्याच्या पुलाजवळ एसटीने मला थांबवलं. एसटीला आपण हात दाखवायचा आणि तिने थांबायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पण त्या संध्याकाळी उलटंच झालं. पावसहून येणारी गाडी माझ्या जीपशेजारी येऊन उभी राहिली, ड्रायव्हरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि अगदी घरच्या माणसाच्या काळजीने म्हणाला, "काका, लाइट लावा की!"

मी म्हटलं, "लावलेत."

तो वाकला. जीपचं तोंड नीट न्याहाळलं. मग मागे वळून कंडक्टरला म्हणाला, "लावलेत म्हनतायत." कंडक्टरही वाकला. मागच्या खिडकीतून एका म्हातारीने डोकावून पाहिलं आणि खात्री दिली, "हायत वो. निरांजनं लावल्यावानी हायत."

एसटी निघून गेली. तिच्या मागच्या लाल दिव्यांचा उजेड माझ्या हेडलाइटपेक्षा जास्त होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. तो दिसेनासा झाला आणि रस्ताही दिसेनासा झाला.

जीप १९८४ सालची आहे. वडिलांनी घेतलेली. तिच्या नंबरात अजून जुनी तीन अक्षरं आहेत. एमएच-०८ हे तिच्यापेक्षा वयाने लहान. डिपरचं बटण पायात, क्लचच्या डावीकडे, पत्र्यात बसवलेलं. बागेतल्या आंब्याच्या पेट्या संध्याकाळी भरायच्या आणि रात्रीच्या वाशीच्या ट्रकसाठी रत्नागिरीत पोचवायच्या, एवढंच तिचं काम. म्हणजे वर्षातले अडीच महिने ती कमावते आणि साडेनऊ महिने खाते. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून एकदम पाच हजारांवर गेली, तेव्हा बायकोने "अहो, आता हिला निवृत्त करा" असं एकदा सुचवून पाहिलं होतं. मी ऐकलं नाही. आता पुढचं पासिंग जवळ आलं होतं आणि त्याला दिवे बघतात. दिवे बघायला आधी ते दिसायला हवेत.

एसटीची हकीकत घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "आधी स्वतःचे डोळे तपासून घ्या. मग गाडीचे बघू." बोलण्यात तथ्य होतं. गेलो. डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांत थेंब घातले, उजेड मारला, आणि मोतीबिंदू अजून नाही असं सांगितलं. "रात्री समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात का?" त्यांनी विचारलं. मी उत्साहाने हो म्हटलं. "मलाही दिसतात," ते म्हणाले. "डोळ्यांत काही नाहीये. लोकांनी दिवेच तसले लावलेत." यानंतर त्यांनी स्वतःच्या गाडीला नुकतेच कुठले एलईडी बसवले, ते किती लांब जातात आणि किती पांढरे आहेत, हे मला दहा मिनिटं समजावून सांगितलं. फी मात्र डोळ्यांची घेतली.

म्हणजे दोष गाडीचाच. आता उपाय शोधायचा.

इथे एक अडचण सांगितली पाहिजे. आमच्या जीपचे दिवे सात इंची गोल. अमेरिकेत १९४० साली सगळ्या मोटारींना हा एकच दिवा लावायचं ठरलं आणि तेव्हापासून तो जगभर पसरला. ॲम्बॅसेडरला तोच, बुलेटला तोच, जिप्सीला तोच. त्यामुळे बाजारात सात इंचांत मिळत नाही असं काही नाही. हॅलोजन, एलईडी, प्रोजेक्टर, कडेने निळं वर्तुळ पेटणारे, वर्तुळाच्या मधे राक्षसासारख्या भुवया असणारे. एखाद्या विचित्र गाडीचे विचित्र दिवे असते तर जे मिळालं असतं ते गपचूप लावलं असतं. इथे ज्याच्या घरी कधीकाळी बुलेट होती तोही सल्ला द्यायला मोकळा.

पहिला सल्ला शेजारच्या तात्यांचा. तात्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून त्यांची मतं फार स्पष्ट असतात. "नव्वद-शंभरचा घाल," ते म्हणाले. साठ-पंचावन्न वॅटचा बल्ब असतो, त्याच्या जागी शंभर-नव्वद वॅटचा. गणित सोपं आहे. उजेड कमी तर बल्ब मोठा. दुकानात गेलो. पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'फॉर ऑफ-रोड यूज ओन्ली'. म्हणजे जिथे रस्ता नाही तिथेच वापरावा. मी आमच्या वाडीकडे जाणारा रस्ता डोळ्यांसमोर आणला आणि निर्धास्तपणे पैसे मोजले.

तीन संध्याकाळी बऱ्या गेल्या. चौथ्या संध्याकाळी पेट्या उतरवून परत येताना पुलावर वास यायला लागला. आधी वाटलं, जवळपास कोणीतरी काजूची टरफलं जाळतंय. त्या वासाने आपण दचकत नाही, कोकणात तो मे महिन्याचा वास. मग लक्षात आलं की पुलावर काजू नसतात. तेवढ्यात उजवा दिवा गेला, त्याच्या पाठोपाठ सहानुभूती म्हणून डावा गेला, आणि मी काजळीच्या खाडीवर काजळीसारख्याच अंधारात उभा राहिलो. शंभर वॅटचे दोन बल्ब म्हणजे बारा व्होल्टवर सोळा-सतरा अँपिअर. ही सगळी वरात चाळीस वर्षांच्या वायरीतून आणि पायातल्या त्या एका गंजक्या बटणातून रोज जात होती. होल्डर वितळून बल्बाला चिकटले होते.

उत्तरेकडे रत्नदुर्गाचं दीपगृह शांतपणे उघडझाप करत होतं. मी बराच वेळ तिकडे पाहत बसलो, दुसरं बघण्यासारखं काही दिसतच नव्हतं. दीपगृहाची कथा मला शाळेपासून माहीत होती. पूर्वीचे लोकही तात्यांसारखाच विचार करायचे. लांब दिसत नाही, तर आणखी तेल जाळा. मग फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८२३ साली कोर्दुआँच्या दीपगृहात काचेची कापलेली वर्तुळं दिव्याभोवती बसवली आणि आकाशात, पाण्यात, पाखरांच्या डोळ्यांत वाया जाणारा उजेड गोळा करून एका पट्ट्यात समुद्रावर सोडला. कमाल ज्योतीची नव्हती, काचेची होती. त्या रात्री पुलावर बसून यातून काही बोध घेतला असता तर माझे पुढचे दोन महिने वाचले असते. मी एवढंच मनात म्हटलं, "त्यांचा बघा कसा मस्त लागतो."

घरी आलो ते एका भल्या मुलाच्या स्कूटरमागून. १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाक्यांचे दिवे बंदच करता येत नाहीत, इंजिन चालू की दिवा चालू. तरी भर दुपारी प्रत्येक नाक्यावर कोणीतरी हात वर करून पाची बोटं मिटतो-उघडतो, "लाइट चालू राहिली!" आठ वर्षांत कोणी थकलेलं नाही. त्या रात्री मात्र तो मुलगा पुढे आणि मी मागे अशी वरात निघाली, तेव्हा समोरून येणाऱ्यांनी मलाही हाताने खुणा केल्या. त्यांची बोटं मिटलेली नव्हती, पण त्या खुणांचा अर्थ इथे देत नाही.

दुसरा सल्ला डॉक्टरांच्याच मार्गाचा. एलईडी. बल्बाच्या जागी बसतो, मागे छोटा पंखा असतो, वीज कमी खातो, होल्डर वितळत नाही. सगळं खरं. लावले. संध्याकाळी अंगणात जीप उभी करून दिवे लावले आणि घरातली सगळी बाहेर आली. काय तो उजेड! माडाचे शेंडे दिसले. शेंड्यांतले नारळ दिसले. वरच्या फणसाच्या फांद्यांतले, आम्हाला आजवर न दिसलेले दोन फणस दिसले. पलीकडच्या वाडीतल्या देवळाचा कळस दिसला. तात्यांच्या ओटीवर झोपलेला कुत्रा उठून आत गेला. फक्त जीपच्या पुढ्यातला दहा हात रस्ता तेवढा दिसत नव्हता.

तात्या डोळ्यांवर हात धरून आले. "तुझा आजा रात्री पावसला कीर्तनाला जायचा," ते म्हणाले. "सुक्या चुडतांची जुडी, तिची चूड पेटवायची. पन कशी धरायची म्हाईत हाय? गुडघ्याखाली. वर धरली की धरनाराच आंधळा. तुझ्या आज्याला डिपर कळत होता."

आजोबा गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला त्यांच्याबद्दल जे काही सांगण्यात आलं आहे, ते सगळं माझं काहीतरी चुकल्यावरच.

हायवेवर तर पंचाईत झाली. हातखंब्याहून येताना समोरचा प्रत्येक जण अप्पर मारून मला डिपर मागायचा. मी तर डिपरवरच. आता हे त्याला कसं सांगायचं? एकच मार्ग, खरा अप्पर क्षणभर मारून दाखवायचा, म्हणजे त्याला कळेल की आधीचा डिपर होता. मी तसं करायचो. तो त्याचा अर्थ वेगळा घ्यायचा. मग तो अप्परवरच राहायचा, मीही सात्त्विक संतापाने अप्परवर राहायचो, आणि दोन पूर्ण आंधळी माणसं एकमेकांशेजारून साठच्या वेगाने जायची. ट्रकांच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' असं वर्षानुवर्षं रंगवलेलं असतं, ते काही उगाच नाही. २०१६ साली टाटा मोटर्स आणि टीसीआय फाउंडेशनने ट्रकचालकांसाठी निरोध काढला, त्याचं नावच 'डिपर' ठेवलं आणि जाहिरातीला वेगळी ओळ लिहायची गरजच पडली नाही. हे मी तात्यांना सांगितलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते पुढे चुडीच्या गोष्टीत घातलं, आणि आता आजोबांची गोष्ट बायकांसमोर सांगता येत नाही.

तिसरा उपाय विमानाने आला. माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. तिकडच्या जुन्या जीप रँग्लरचे दिवेही सात इंची गोलच. त्याने मेअखेरीस येताना अख्खा एलईडी दिव्यांचा जोड आणला. जड, काळाभोर, आत भिंगं, आणि खोक्यावर डोंगरात उभ्या जीपचं चित्र. "काका, हे बल्बसारखं जुगाड नाही," तो म्हणाला. "अख्खं युनिट. कटऑफ एकदम शार्प." बसवले. खरंच देखणे दिसत होते. भिंतीवर उजेडाची वरची कड पट्टीने आखावी तशी. माड अंधारात, फणस अंधारात, रस्ता पांढराशुभ्र. मी पुतण्याला मिठी मारली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच एसटी थांबली. तोच ड्रायव्हर. या वेळी तो उतरला.

"काका," तो म्हणाला, "तेव्हा बरे होते वो."

त्याची तक्रार अशी की, सगळीकडे उजेड खाली आणि एकट्या त्याच्या तोंडावर वर. मी भिंतीसमोर परत जीप लावून बघितली. त्या देखण्या आडव्या कडेला उजव्या अंगाने एक चढ होता. डावीकडे सपाट, उजवीकडे डोंगर. पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ओह." अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात. म्हणून तिकडचा दिवा उजवी कड जरा उचलून धरतो. कडेचे फलक दिसावेत, चालणारा माणूस दिसावा. आपल्याकडे रस्त्याची कड डावीला, आणि उजवीला एसटी. तिकडे जो उजेड पायी चालणाऱ्याचा जीव वाचवतो तो इकडे बरोबर ड्रायव्हरच्या चष्म्यात. दिवा उत्तम होता, फक्त देश चुकला होता.

"उलटा बसव," तात्या म्हणाले. "उजवं डावीला जाईल." पुतण्याने त्यांना नम्रपणे सांगितलं की आजोबा, मग खालचंही वर जाईल. तात्या म्हणाले, मग आडवा बसव. पुतण्या जूनमध्ये परत गेला. दिवे इथेच ठेवून गेला. ते सध्या पडवीत आहेत आणि त्यांच्या खोक्यावर मांजर झोपतं.

पाऊस सुरू झाला, आंबा संपला, जीप रिकामी झाली. मग मी चाचांकडे गेलो. खरं म्हणजे सगळ्यात आधी जायला हवं होतं. पण चाचांची मोटार-इलेक्ट्रिकची टपरी ऐन हमरस्त्यावर नाही, दुकानात एकही चमकदार खोकं नाही, आणि चाचा गिऱ्हाइकाला विकत काही घ्यायला सांगत नाहीत. अशा माणसाकडे जायला आपल्याला उशीरच होतो.

मी त्यांना सगळा इतिहास सांगितला. ऐकता ऐकता त्यांनी माझा जळका शंभर वॅटचा बल्ब हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. "ह्यात दोन तारा हायत. ही पुढची डिपरची. तिच्याखाली ही वाटी बघा." तारेखाली खरंच नखाएवढी पत्र्याची वाटी होती. इतकी वर्षं बल्ब बदलतोय, मी ती कधी पाहिली नव्हती. "खाली जाऊन वर उडनारा उजेड ही वाटी अडवते. तुमच्या त्या पंख्यावाल्या बल्बात वाटी नावाला. तार पन नाय, नुसत्या टिकल्या. आरशाला कळतच नाय उजेड कुठनं आला. मग तो जिकडं वाटेल तिकडं फेकतो."

नंतर त्यांनी मीटर काढला. इंजिन चालू करून बॅटरीवर लावला. तेरा पूर्णांक आठ. बल्बाच्या पाठीशी लावला. दहा पूर्णांक नऊ. जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच गायब. अर्धे पायातल्या बटणात, तिथे चाळीस पावसाळ्यांचा चिखल, चपलांचं पाणी आणि समुद्राची खारी हवा. उरलेले अर्थच्या वायरीत, जी पत्र्याला जिथे टेकते तिथे पत्राच उरला नव्हता. हॅलोजन बल्ब हा भलता मानी प्राणी आहे. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड दहा टक्के नाही, तीस टक्के पडतो. माझं वीस टक्क्यांवर पडलं होतं, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त उजेड बॅटरीतून निघून बल्बापर्यंत आलाच नव्हता. त्यावर मी शंभर वॅटचे बल्ब लावले, तेव्हा ती वाट आणखी चोंदली. होल्डर जळणार नाही तर काय होईल?

"बल्बाला जेवायला नाय घालत नि कामाला लावताय," चाचा म्हणाले. "मग दुसरा गडी आनला, तो जास्त खानारा. मग तिसरा आनला फॉरेनचा."

काम दोन तासांचं होतं. बॅटरीपासून नवी जाड वायर, मधे फ्यूज, दोन रिले. पायातल्या बटणाने आता नुसती रिलेला खूण करायची. खरा करंट सरळ बॅटरीकडून बल्बाला. अर्थच्या वायरी घासून सरळ बॅटरीला नेल्या. रिफ्लेक्टर बघितले तर खाऱ्या हवेने आतली चांदी करपून कढईचा तळ झाला होता. ते बदलून साधे सात इंची काचेचे सेट घातले. बल्ब साठ-पंचावन्नचेच, जुने, घरात पडलेले. एकूण खर्च पुतण्याने आणलेल्या दिव्यांच्या कस्टम ड्यूटीइतकाही नाही, जी त्याने भरली नव्हती.

संध्याकाळी दिवे लावले आणि मी चाचांकडे नुसता बघत राहिलो. वाट मोकळी केल्यावर तेच बल्ब.

"आता फोकस सेट करा," चाचा म्हणाले. "भिंतीवर. घरी करा, हितं जागा नाय."

फोकसच्या निमित्ताने मी पहिल्यांदाच नियम वाचला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १०६. सरकारी भाषेत असा हृद्य मजकूर मी क्वचित वाचला आहे. त्यात म्हटलंय की तुमच्या दिव्याने एका माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. तो माणूस कुठे उभा आहे? दिव्यापासून आठ मीटरवर. गाडीच्या उजव्या कडेपासून आणखी अर्धा मीटर उजवीकडे. त्याचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंच. बस्स. त्याचं नाव नाही, गाव नाही, तो रात्रीबेरात्री तिथे काय करतोय हे सरकारने विचारलेलं नाही. देशातल्या प्रत्येक गाडीसमोर, आठ मीटरवर, हा एक बिचारा गेली पस्तीस वर्षं डोळे उघडे ठेवून उभा आहे, आणि आपण सगळे त्याच्या तोंडावर अप्पर मारत चाललोय. एसटीचा ड्रायव्हर त्याहून उंच बसतो, स्कूटरवाला साधारण तिथेच. पण सरकारने मधला माणूस धरला, हे मला आवडलं.

मी टेप घेऊन बायकोची उंची मोजली. पाच फूट साडेतीन इंच. डोळे जमिनीपासून बरोबर दीड मीटर. लग्नाच्या वेळी पत्रिका जुळवली होती, छत्तीसपैकी बावीस गुण. केंद्रीय मोटार वाहन नियमांशी जुळणी पूर्ण आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. रात्री नऊ वाजता तिला आठ मीटरवर, अर्धा मीटर उजवीकडे उभी केली. मागे आमचा चिऱ्यांचा गडगा. मी दिव्यामागचे स्क्रू फिरवू लागलो.

"दिपतंय?"

"दिपतंय."

अर्धा फेरा खाली. "आता?"

"दिपतंय. आणि मच्छर चावतायत."

असं पाऊण तास चाललं. शेवटी "नाही दिपत" असं उत्तर आलं, पण ते डोळे मिटून दिलेलं होतं. त्यामुळे पुन्हा पाहावं लागलं. दहा वाजता सरकारचा माणूस जेवायला आत निघून गेला. पण दिवा बसला होता. गडग्यावर उजेडाची कड सरळ, डावीकडे किंचित चढ, आपल्या देशाच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मुद्दा काढला, आणि तोच नेमका खरा निघाला. "ही रिकामी जीप," ते म्हणाले. "पेट्या भरल्यावर बूड बसतं नि तोंड वर होतं. मग?" गाडी चालवता न येणारा माणूस ते बोलला याचं मला जास्त लागलं. हंगामात मागे वीस-बावीस पेट्या असतात, मागचे पाटे बसतात, नाक आभाळाकडे, डिपर आपोआप अप्पर. आता जुलैत पेट्या कुठून आणायच्या? चिरे भरले असते, पण चढवायचे कोणी? मग वाडीतली माणसं भरली. तात्या, त्यांचे दोन भाऊ, त्यांचे तीन मुलगे, आमच्याकडचे दोघे गडी. अंदाजे साडेपाचशे किलो. पावसात, रात्री, उभ्या जीपमध्ये आठ माणसं बसली होती आणि जीप कुठेही जात नव्हती. रस्त्याने जाणाऱ्या दोघांनी थांबून "खंयच्या मयताक?" असं विचारलं, ते सिंधुदुर्गातले पाहुणे होते. बायको छत्री घेऊन आठ मीटरवर. स्क्रू पुन्हा दीड फेरा खाली. यात माझ्या एकंदर निरीक्षणानुसार तात्यांचा वाटा सुमारे सहा पेट्यांचा निघाला.

पासिंग झालं. दिव्यांबद्दल कोणी काही बोललं नाही. एवढ्या खटपटीनंतर कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

मग गणपती आले. आमच्या वाडीत गौरी-गणपतीत जाखडी असते. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर, मधे बुवा, मृदुंग, भोवती चाळ बांधलेल्या पोरांचं रिंगण. अकराला सवाल-जवाब रंगात आले आणि नेमकी लाइट गेली. आमच्याकडे पावसात लाइट जाते ती कधी येणार हे ती स्वतःच ठरवते. अंधारात कोणीतरी ओरडलं, "जीप आना!"

आणली. रिंगणाच्या कडेला उभी केली, दिवे लावले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिला गोंधळ इंजिनाचा. चालू ठेवलं तर बुवांचं गाणं ऐकू येईना, बंद केलं तर बॅटरी. शेवटी असं ठरलं की गाणं संपलं की मी इंजिन चालू करायचं आणि गाणं सुरू झालं की बंद.

दुसरा गोंधळ मोठा. माझा डिपर उत्तम बसलेला. त्यामुळे रिंगणातल्या पोरांचे पाय, पायांतले चाळ, चाळांतला एकेक घुंगरू लख्ख दिसत होता, आणि कमरेच्या वर काळोख. बत्तीस पाय नाचत होते, एकालाही डोकं नव्हतं. मधे शक्तीवाल्यांचे बुवा धोतरापर्यंत दिसत होते. "आमचं थोबाड काय गनपतीनंच बघायचं?" ते अंधारातून म्हणाले. माझ्या बाजूच्या बायका ओरडल्या, "अप्पर मारा वो!"

मी डाव्या पायाने बटण दाबलं. रिले टक वाजला. रिंगण डोक्यापासून पायापर्यंत उजळलं, बुवांनी चेहरा सावरला आणि सूर लावला. त्याच क्षणी समोरच्या बाजूला बसलेली सबंध वाडी, म्हातारी, पोरं, पाहुणे, हात वर करून पाची बोटं मिटू-उघडू लागली. "डिपर! डिपर! आंधळे झालो!" त्यांच्यात, बरोबर आठ-दहा मीटरवर, माझी बायको होती. तिने काहीच केलं नाही. नुसतं बघितलं.

मी डिपर केला. इकडून आरडाओरडा. अप्पर केला. तिकडून. तुरेवाल्यांच्या बुवांनी ही संधी सोडली नाही. त्यांच्या पुढच्या सवालात माझी जीप आली, माझा पाय आला, आणि एक डोळा मिटणारी नवरी आली, जिच्याबद्दल मी घरी काही विचारलं नाही. अखेर तोडगा तात्यांनी काढला. शक्तीवाले गातील तेव्हा अप्पर, तुरेवाले गातील तेव्हा डिपर. तात्या तुरेवाले आहेत, पण त्यांचं म्हणणं असं की तुऱ्याला तोंड दाखवायची गरज नाही.

रात्री अडीचला लाइट आली. माझा डावा पाय तोवर पूर्ण बधिर झाला होता, आणि उतरताना मला तिघांनी धरून खाली घेतलं.